किर्लोस्करवाडी ते आटपाडी: औंध संस्थानाचे तुकडे आणि त्यांतले उद्योग

पुण्याहून मिरजेकडे जाताना कऱ्हाड सुटलं की थोड्या वेळाने किर्लोस्करवाडी येतं. एका कारखानदाराचं आडनाव रेल्वे स्टेशनला मिळावं, हे आपल्याकडे फारसं घडत नाही. या स्टेशनचं मूळ नाव कुंडल रोड. कुंडल हे गाव औंध संस्थानातलं, आणि या भागाच्या उद्योगांची गोष्ट समजून घ्यायची तर आधी या संस्थानाचा विचित्र नकाशा डोळ्यांपुढे आणावा लागतो.

औंध हे पंतप्रतिनिधींचं संस्थान. क्षेत्रफळ सुमारे ५०० चौरस मैल, गावं बहात्तर. पण ही बहात्तर गावं एकसंध नव्हतीच. खुद्द औंध साताऱ्याकडे, कुंडल कृष्णाकाठाजवळ, आटपाडी दूर माणदेशात आणि गुणदाळ थेट विजापुराच्या बाजूला. मध्ये सगळा इंग्रजी मुलूख. एका तुकड्यात ऊस, तर दुसऱ्यात पावसाची वाट बघणारी बाजरी. सगळ्यात महत्त्वाचा फरक मात्र वेगळाच होता. काही तुकड्यांना रेल्वे लागून होती, काहींना नव्हती. माझ्या मते पुढचं बरंचसं त्यातूनच ठरलं.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे गुर्लहोसूरचे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावात सायकलींच्या धंद्यात आले, तिथून कडबा कापायच्या यंत्रांकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले. नांगर सहजासहजी खपला नाही. लोखंडाने जमीन विषारी होते, असं शेतकरी म्हणत, आणि पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. धंदा कुठे रुळावर येतोय तोच बेळगावच्या नगरपालिकेने वस्ती वाढवण्यासाठी त्यांची जागा मागितली. कारखाना उचलून न्यायचा कुठे?

भवानराव पंतप्रतिनिधी तेव्हा नुकतेच, म्हणजे १९०९ साली, गादीवर आले होते. लक्ष्मणरावांशी त्यांची ओळख औंधातल्या एका बांधकामाच्या निमित्ताने झालेली. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकरांचा माळ देऊ केला. निवडुंग आणि नाग, एवढंच तिथलं पीक. १९१० मध्ये या माळावर वसाहत उभी राहू लागली. ती आखण्यात थोरले बंधू रामूअण्णांचा मोठा वाटा. नांगरापाठोपाठ उसाचे चरक आले, रहाट आले, पुढे पंप आले. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी कारखान्याच्या राखणीवर ठेवल्याच्या आठवणीही सांगितल्या जातात. आणि याच माळावरून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं. कारखान्याच्या मालाच्या माहितीसाठी काढलेलं हे पत्र बघता बघता मराठी घराघरांतलं मासिक झालं. ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही त्याच घरातली पुढची भावंडं.

कऱ्हाड स्टेशनाजवळची ओगलेवाडीही याच संस्थानातली. ओगले बंधूंनी काचेचं काम अनुभवलं ते तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्यात, आणि १९१६ साली इथे स्वतःचा कारखाना घातला. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील गावोगावच्या खुंटीवर लटकला. वडिलांचं नाव प्रभाकर, आणि प्रभाकर म्हणजे सूर्यही. कंदिलाला याहून चांगलं नाव सापडलं नसतं. गावात वीज आली आणि त्या कंदिलाचे दिवस सरले.

आता आटपाडी. राजा तोच, पण इथे रेल्वे नाही आणि पाणीही नाही. म्हणून इथल्या माणसांनी कारखान्याची वाट पाहिली नाही, ती स्वतःच बाहेर पडली. आटपाडी, विटा, खानापूर या पट्ट्यातली कुटुंबं सोनं-चांदी गाळण्याचं काम शिकून देशभर पांगली. या धंद्याला इकडे ‘गलाई’ म्हणतात. परप्रांतातल्या सराफी पेठेत मागच्या बोळात भट्टी दिसली, तर तिच्यापुढे बसलेला माणूस माणदेशी मराठीत बोलण्याची शक्यता बरीच असते. जे मागे राहिले त्यांच्यापाशी मेंढरं, खिल्लार बैल आणि खरसुंडीच्या सिद्धनाथाची यात्रा.

पण या रेल्वे नसलेल्या तुकड्यानेच संस्थानाला त्याचा सगळ्यात धाडसी प्रयोग दिला. भवानरावांनी १९३९च्या जानेवारीत नव्या घटनेने राज्यकारभार लोकांच्या हाती दिला. तिच्यामागे गांधीजींचा सल्ला होता आणि पुत्र अप्पासाहेब पंत व पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांची खटपट होती. कारभाराचा पाया झाली गावची निवडून आलेली पंचायत. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. हा तुरुंग, पण भिंतीविना. कैद्याने बायकामुलांसह राहायचं आणि जमीन कसायची. ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची प्रेरणा हीच वसाहत, आणि त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच मातीतले. तिथली खुली वसाहत अजूनही चालू आहे.

कुंडल मात्र वेगळ्याच वाटेने गेलं. १९४३ नंतर प्रतिसरकारचं, म्हणजे नाना पाटलांच्या पुढाकाराने इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या समांतर सरकारचं, ते मुख्य ठाणं बनलं. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची गाडी लुटली गेली. ज्या रुळांनी कारखाने आणले, त्याच रुळांवरून इंग्रज सरकारचा पैसाही जात होता. १९४८ सालच्या सुरुवातीला गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीची झळ किर्लोस्करवाडीला बसली, आणि त्याच वर्षी ८ मार्चला संस्थान विलीन झालं. तुकडे वेगवेगळ्या तालुक्यांत, जिल्ह्यांत गेले. गुणदाळ तर पुढे कर्नाटकात.

ओगलेवाडीहून थोड्याच अंतरावर, कृष्णेकाठी टेंभू आहे. आगरकरांचं जन्मगाव. प्रतिसरकारात लढलेल्या नागनाथअण्णा नायकवडींनी नव्वदच्या दशकात आटपाडीत पाणी परिषदा भरवल्या आणि दुष्काळी तालुके एकत्र केले. त्या मागणीतली एक मोठी योजना आज टेंभूपासून सुरू होते. पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवलेलं कृष्णेचं पाणी कालव्यांतून खानापूर आणि आटपाडीच्या रानांत पोचतं.