सा. न. वि. वि. ते सुप्रभात

माझे धाकटे काका पंच्याहत्तरीचे आहेत. व्हॉट्सॲपवर मला उत्तर द्यायचं तर ते 'चि. यास अ. उ. आ.' अशी सुरुवात करतात. शाळेच्या ग्रुपवर तेच 'सा. न. वि. वि.', म्हणजे जुन्या पत्रांतलं 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष', होतं. शेवटी 'कळावे, लोभ असावा' आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव. नाव वरती दिसतंच, हे त्यांना चार वेळा सांगून झालं. "पत्राखाली सही नको?" हा त्यांचा प्रश्न. आता मी सांगणं सोडलंय.

वय झालं की इंटरनेट, व्हॉट्सॲप हे सगळं जमत नाही, असं सर्रास म्हटलं जातं. मागे वळून पाहिलं तर निराळं दिसतं. म्हातारी माणसं आली नाहीत त्या काळात दारच त्यांच्या मापाचं नव्हतं. जसजसं दार बदललं तसतशी ती आत आली, आणि आली ती भराभर.

अमेरिकेत 'सीनियरनेट' १९८६ मध्येच सुरू झालं. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात मेरी फर्लाँग यांनी हा प्रकल्प उभा केला, तो खास उतारवयातल्या लोकांसाठी. संगणक शिकायचा आणि टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांशी गप्पा मारायच्या. म्हणजे फेसबुकच्या आधी अठरा वर्षं आजी-आजोबा ऑनलाइन गप्पा मारत होते. उलट फेसबुक २००४ मध्ये निघालं ते हार्वर्डच्या विद्यार्थ्यांपुरतं. पुढेही कॉलेजचा ईमेल, मग शाळा, मग काही कंपन्या, असं करत करत २६ सप्टेंबर २००६ ला ते तेरा वर्षांवरच्या कुणालाही खुलं झालं. निवृत्त माणसाला तोवर तिथे साधा प्रवेशही नव्हता. दार उघडल्यावर काय झालं ते प्यू या संशोधन संस्थेच्या आकड्यांत दिसतं. इंटरनेट वापरणाऱ्या पासष्टीपुढच्या अमेरिकनांत अशा नेटवर्कांवर असणारे एप्रिल २००९ मध्ये १३ टक्के होते, मे २०१० मध्ये २६ टक्के. तेरा महिन्यांत दुप्पट.

आपल्याकडे तेव्हा फेसबुकसारख्याच ऑर्कुटचा जमाना होता. जानेवारी २००४ मध्ये आलेलं ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद पडलं, पण ज्येष्ठांना त्याचा गंधही नव्हता. संगणक मुलाच्या खोलीत, नाहीतर सायबर कॅफेत. पासवर्ड लक्षात ठेवायचा, कीबोर्ड इंग्रजी, आणि मराठी लिहायचं तर रोमन लिपीत. ज्यांचं सगळं शिक्षण मराठीत झालं आणि ज्यांचं अक्षर मोत्यासारखं, त्यांनी 'के ए एस ए' टाइप करून 'कसा आहेस' विचारायचं! अनेकांनी ते केलंही, कारण मुलगा परदेशी होता. पण त्यात गोडी नव्हती.

माझ्या मते खरी कलाटणी मिळाली ती एका साध्या गोष्टीने. २००९ मध्ये निघालेल्या व्हॉट्सॲपला ओळख म्हणून फोन नंबर पुरे होता. ना पासवर्ड, ना ईमेल. घरोघरी लँडलाइनशेजारी जी नंबरांची डायरी असायची, पानं सुटलेली, गॅसवाल्यापासून विहिणीपर्यंत सगळे असलेली, तीच आपोआप नेटवर्क झाली. लॉरा कार्स्टेन्सन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी नव्वदच्या दशकात मांडलेला सिद्धान्त इथे आठवतो. पुढे किती काळ उरलाय याची जाणीव झाली की माणूस ओळखी वाढवायचं सोडतो आणि जवळच्यांना धरून ठेवतो. गोतावळा आटतो तो नुसता लोक गेल्यामुळे नाही, माणूस स्वतःही निवडतो. फेसबुक सारखं विचारतं की ह्यांना ओळखता का. काकांना नवं कुणी ओळखायचंच नाही. त्यांना हवेत १९६७ साली अकरावीला बरोबर असलेले एकोणीसजण.

मग दोन-तीन गोष्टी एकापाठोपाठ जुळून आल्या. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि पहिले काही महिने डेटा फुकट मिळाला. त्याच नोव्हेंबरात व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल सुरू झाला. ज्या पिढीने एसटीडी बूथच्या काचेमागे उभं राहून, मीटरच्या लाल आकड्यांवर डोळा ठेवून, 'बाकी सगळं ठीक' म्हणत फोन ठेवला, तिला नातवाचा चेहरा आता हवा तितका वेळ पाहता येऊ लागला. मुलाने नवा फोन घेतला की जुना आईकडे यायचा, तडा गेलेल्या काचेसकट.

ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने मराठीत बोलून लिहिण्याची सोय दिली. याचं महत्त्व फारसं कुणी नोंदवलेलं नाही. बोटं थरथरतात, अक्षरं बारीक दिसतात, जोडाक्षर सापडत नाही, ही सगळी अडचण एका फटक्यात गेली. माझी मावशी स्वयंपाक करता करता संदेश सांगते. मग वाचणाऱ्याला मिळतं ते असं: 'तुझ्या आईला म्हणावं शुक्रवारी येते अगं तो गॅस बारीक कर बरोबर लोणचं आणते'. पूर्णविराम नाही. पण आवाज ऐकू येतो.

ज्येष्ठांच्या एकत्र येण्याला महाराष्ट्रात आधीपासून चौकट होती, हेही विसरून चालणार नाही. ज्येष्ठ नागरिक संघ, विरंगुळा केंद्रं, बागेतला कट्टा. हास्यक्लबही मुंबईतलाच, डॉ. मदन कटारिया यांनी मार्च १९९५ मध्ये अंधेरीच्या लोखंडवाला भागात सुरू केलेला. ग्रुप बनले ते याच कट्ट्यांचे. सकाळी गुलाबाचं फूल पाठवणं ही त्या कट्ट्याची हजेरी. २०१८ च्या सुरुवातीला बातमी आली की भारतीयांचे फोन सारखे भरून का जातात याचा गूगलने शोध घेतला, तर सुप्रभातची चित्रं सापडली. जगभर हसू झालं. पण दोन दिवस फूल आलं नाही तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी जिना चढून बघायला जातं, याचा हिशेब त्यात कुठे नव्हता.

काळी बाजूही आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या अफवांच्या दिवसांत, मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाचजणांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी फक्त पाच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. तेव्हापासून 'म्हातारे काहीही फॉरवर्ड करतात' हा शिक्का पक्का झाला, जरी राईनपाड्याच्या जमावाचा आणि आजोबांच्या हळदीच्या काढ्याचा काडीचा संबंध नव्हता. शिक्क्याला आधार मिळाला तो जानेवारी २०१९ मधल्या एका अमेरिकन अभ्यासाने. २०१६ च्या निवडणुकीच्या वेळी पासष्टीपुढच्यांनी फेसबुकवर खोट्या बातम्यांच्या साइटवरचे दुवे तरुणांच्या जवळपास सातपट पाठवले, असं त्यात निघालं. मथळा तेवढाच गाजला. पासष्टीपुढच्यांतही असं काही पाठवणारे साधारण ११ टक्केच होते, हे त्याच अभ्यासात आहे.

'डिजिटल अरेस्ट'चं, म्हणजे फोनवरच अटक झाल्याचं भासवून पैसे उकळण्याचं, प्रकरण मला जास्त अस्वस्थ करतं. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, मागे ठाण्याची पाटी, हातात शिक्क्याचा कागद. अशी कुठलीही अटक कायद्यात नाही, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना 'मन की बात'मध्ये सांगावं लागलं. यात फसणारे सगळेच काही भोळे नसतात, आणि वृद्धच असतात असंही नाही. पण दारात तार आली की काळजात धस्स व्हायचं, सरकारी लखोटा आला की सही करूनच घ्यायचा, हे ज्यांच्या अंगात मुरलंय त्यांना तोच शिक्का दाखवून गाठलं जातं.

काकांच्या ग्रुपवर आता तेराजण आहेत. कुणी गेलं की त्याला काढायचं नाही, असा त्यांचा अलिखित नियम आहे. पण चार महिने खातं वापरलं नाही की कंपनी ते बंद करते. मागच्या वर्षी एका मित्राच्या बाबतीत तसंच झालं. श्रद्धांजली वाहून झाली, वर्षातले पहिले सण उलटले, आणि एका सकाळी सुप्रभातांच्या मधोमध बारीक राखाडी ओळ आली, त्याचं नाव आणि पुढे 'लेफ्ट'. काकांनी ती वाचली आणि खाली लिहिलं: 'सा. न. वि. वि. ही सूचना आज आली. आपल्याला आधीच कळलं होतं. कळावे.'