पाच सेकंद, साठ सेकंद आणि दोन तास: टाइमआउटचे आकडे आले कुठून

गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) भरला होता, अर्धं सोलापूर होम मैदानावर, आणि आम्ही दोघं जुळे सोलापुरात खोलीत बसून एका चादर-टॉवेलवाल्याच्या साइटचे लॉग चाळत होतो. पुढं लोड बॅलन्सर (आलेल्या रिक्वेस्टी सर्व्हरांत वाटणारा), मागं नोड म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे दोन सर्व्हर, आणि मधूनच एखाद्या गिऱ्हाईकाला ५०२, म्हणजे मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर आलं नाही असा एरर. रिफ्रेश मारलं की चालतंय. गंमत म्हणजे दुपारच्या गर्दीत एकही नाही, रात्री सामसूम झाली की चालू! लोड वाढला असेल म्हणून तिसरा सर्व्हर टाकला तर एरर अजून वाढले.

हे कळायला जरा मागं जावं लागतंय. १९८१ च्या आरएफसी ७९३ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) मधलं टीसीपी, म्हणजे दोन मशीनमधल्या कनेक्शनचे नियम, हा दोन टोकांचा मामला, मध्ये कुणी नाही. कनेक्शन म्हणजे दोन्हीकडच्या मेमरीतली नोंद फक्त, कुणी काही बोललंच नाही तर ते दिवसेंदिवस उघडं राहू शकतं. १९८९ ला आरएफसी ११२२ आला, त्यात कीपअलाइव्ह (समोरचा अजून आहे का हे मधूनमधून विचारणं) ठेवलं पण ऐच्छिक, मुळात बंद, आणि चालू केलंच तर डिफॉल्ट दोन तासांपेक्षा कमी नको, कारण लाइन जरा वेळ गेली म्हणून चांगलं कनेक्शन कशाला मारायचं असा विचार. लिनक्समध्ये तो आकडा अजून तसाच आहे, ७२०० सेकंद.

मग वेब आलं. सुरुवातीला दर रिक्वेस्टला नवं कनेक्शन, १९९७ च्या एचटीटीपी १.१ (ब्राउझर आणि सर्व्हरच्या बोलण्याचे नियम) नं ते उघडंच ठेवायचं ठरवलं, पण किती वेळ? आकडा दिलाच नाही, म्हणून ज्यानं त्यानं आपापला धरला: अपाची ५ सेकंद (आधी १५), एनजिनएक्स ७५ (दोन्ही वेब सर्व्हर सॉफ्टवेअर).

लोड वाटायला तेव्हा डीएनएस राउंड रॉबिन होतं (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारं डीएनएस आळीपाळीनं वेगवेगळ्या सर्व्हरचा पत्ता देतं), १९९५ च्या आरएफसी १७९४ मध्ये त्याचं वर्णन आहे. पण मेलेल्या सर्व्हरचा पत्ताही डीएनएस बिनधास्त देतं. तिकडं पाठवलेली पॅकेट (डेटाचे तुकडे) हरवत राहिली की लिनक्स थांबत थांबत परत परत दार वाजवतं आणि दोनेक मिनिटांनी हात टेकतं, तोवर गिऱ्हाईक गेलेलं असतंय. म्हणून मध्ये बॅलन्सर बसवले, २००१ ला एचएप्रॉक्सी, २००४ ला एनजिनएक्स, २००९ ला ॲमेझॉनची ईएलबी. आणि एका कनेक्शनची झाली दोन, म्हणजे टाइमआउटची (किती वेळ वाट बघून कनेक्शन बंद करायचं त्याची) घड्याळंही दुप्पट.

आमचा घोळ इथंच होता. बॅलन्सर मागचं कनेक्शन ६० सेकंद धरून बसायचा, आणि नोडनं २०१७ ला आठव्या आवृत्तीत एचटीटीपी कीपअलाइव्हचा (रिकामं कनेक्शन उघडं ठेवायच्या वेळेचा) डिफॉल्ट ५ सेकंद केलेला. टीसीपीडंप (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं साधन) लावला तेव्हा दिसलं, सर्व्हर फिन (कनेक्शन बंद करतोय अशी खूण) पाठवतोय आणि त्याच क्षणी बॅलन्सरची गेट रिक्वेस्ट समोरून येतेय, दोघांची वाटेत चुकामूक, सर्व्हरचं उत्तर आरएसटी (कनेक्शन तोडलं), गिऱ्हाईकाला ५०२. गर्दीत कनेक्शन पाच सेकंद रिकामं राहतच नाही, रात्री राहतंय, आणि तिसऱ्या सर्व्हरमुळं रिक्वेस्टी अजून विरळ वाटल्या गेल्या!

नोडचा कीपअलाइव्ह ६५ सेकंद केला, म्हणजे बॅलन्सरच्या ६० पेक्षा जास्त, हेडर्स टाइमआउट (रिक्वेस्टचे हेडर यायची वाट बघायची मर्यादा) ६६, तिसरा सर्व्हर काढून टाकला. रात्रभर लॉग बघितला, एकही ५०२ नाही. गड्डा बघायचा मात्र राहिलाच.