सीट सुकलेली नसते, घासलेली असते

मुंबईहून, सुरतेहून किंवा इंदूरहून जुनी पोर्शे बॉक्स्टर, बीएमडब्ल्यू झेड-फोर नाहीतर ऑडी टीटी अशी स्पोर्ट्स कार घेऊन कोणी जळगावला-धुळ्याला आलं, की दार उघडल्यावर पहिली नजर ड्रायव्हरच्या सीटवर जाते. दाराकडचा उंचवटा पांढुरका पडलेला, त्यावर बारीक रेघा. बघणाऱ्यांपैकी एकजण हमखास सांगतो, "भाऊ, चामडं सुकलंय. आपल्याकडचं ऊन! तेल पाजा त्याला." मग खोबरेल, ऑलिव्ह तेल, व्हॅसलीन, महागडं कंडिशनर, जे हाताला लागेल ते चोळलं जातं. चामडं सुकणं ही एक गोष्ट आहे आणि त्यावरचा रंगाचा थर झिजणं ही दुसरी. दोन्हींची कारणं वेगळी, जागा वेगळ्या, उपायही वेगळे.

सुकण्याबद्दल खानदेशात कोणाला फार सांगायला नको. विहिरीवर चामड्याची मोट चालायची तेव्हापासून ते ज्ञान घराघरात आहे. बाभळीच्या सालीत कमावलेलं ते चामडं उघडं असायचं. तेल लावलं की आत मुरायचं, नाही लावलं तर कडक होऊन तडकायचं. चामडी वहाणेला आजही हाच नियम लागू आहे.

कारच्या सीटचं चामडं असं उघडं नसतं. ते बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी किंवा क्रोमविरहित रसायनांनी कमावलेलं असतं. मऊपणासाठी लागणारं तेल कारखान्यातच, फिरत्या पिंपात, तंतूंमध्ये मुरवतात. मग वर रंगाचे थर चढतात आणि सगळ्यात वर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर. हे सगळे थर मिळून ०.१५ मिलिमीटरपेक्षाही पातळ असतात. आपण बसतो, हात फिरवतो, पुसतो तो या थरावर. खालच्या चामड्याला आपला स्पर्शही होत नाही, आणि वरून चोळलेलं तेल बरंचसं तिथेच राहतं.

आता स्पोर्ट्स कारची बसक बघा. गाडी जमिनीला टेकलेली, सीट खोलगट, दोन्ही बाजूंचे उंचवटे उंच. वळणावर अंग धरून ठेवायला ते लागतातच. पण आत शिरताना सगळं वजन दाराकडच्या उंचवट्यावर टाकून माणूस घसरत खाली जातो आणि उतरताना त्याच्यावरूनच स्वतःला ओढून काढतो. जीन्सची जाड शिवण, खिशावरचे धातूचे रिव्हेट, मागच्या खिशातलं पाकीट, पट्टा हे सगळं त्या पातळ थरावरून फिरतं. त्यात आपल्याकडची धूळ असते. काळ्या मातीतली बारीक कचकच सीटवर बसलेली असेल, तर प्रत्येक चढउतार म्हणजे पॉलिश पेपरचा एक हात.

म्हणून झीज किलोमीटरवर मोजू नये, चढउतारावर मोजावी. बाजारात दिवसातून दहा वेळा थांबणारी गाडी महामार्गावर धावणाऱ्या गाडीपेक्षा लवकर घासते. उंचवटा घासलेला दिसला म्हणून मीटर मागे फिरवल्याचा संशय घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

फरक ओळखायचा कसा? सगळ्यात पक्का पुरावा शेजारीच असतो: डावीकडची सीट. दोन्ही सीटांचं वय तेच, जळगाव-भुसावळचा ४५ अंशांपुढचा मे महिना दोघींनीही सोसलेला, बंद काचांआडची भट्टीही तीच. उन्हानं चामडं सुकलं असतं तर दोन्ही सीटा खराब झाल्या असत्या. पण डावी सीट धडधाकट असते आणि उजव्या सीटचाही फक्त दाराकडचा उंचवटा गेलेला असतो. ऊन असं निवडून एका कडेवर पडत नाही. पँट मात्र नेमकी तिथेच घासते.

दुसरी खूण अंगठ्याची. खराब जागेच्या शेजारी अंगठा दाबा. बारीक सुरकुत्या उमटून, बोट काढताच त्या विरल्या, तर चामडं लवचीक आहे. तिसरी खूण पाण्याची. एक थेंब धड जागेवर ठेवा, एक खराब जागेवर. धड जागेवर तो मण्यासारखा उभा राहिला आणि खराब जागेवर मुरून काळसर डाग पडला, तर थर गेलेला आहे. मोबाइलचा उजेड तिरपा पाडून पाहिलं की तिथे लव आल्यासारखे फिकट तंतूही दिसतात. धड जागेवरही थेंब मुरला, तर मात्र तुमच्याकडे थर नसलेलं ॲनिलीन चामडं आहे. ते वेगळं प्रकरण. त्याला कंडिशनर खरोखरच लागतं आणि पुढचा रंगाचा उपाय त्याला नाही.

खरं सुकणं वेगळ्या ठिकाणी दिसतं. पाठीचा वरचा भाग, हेडरेस्ट, टप उघडं ठेवल्यावर थेट ऊन लागणारे खांदे, म्हणजे जिथे कोणाची पँट पोचत नाही त्या जागा. तिथलं चामडं ताठ होतं, आक्रसतं, शिवणीपाशी ओढल्यासारखं दिसतं. तिथे कंडिशनर पुढची हानी थोडी कमी करू शकतं. तडकलेले तंतू तेही जोडत नाही.

तेलाचा गैरसमज टिकून राहतो कारण तेल लावल्यावर सीट लगेच बरी दिसते. उघडे तंतू तेल पितात, गडद होतात आणि पांढुरकेपणा लपतो. भिंतीचा रंग खरवडला गेला असताना आतल्या विटा ओल्या करण्यासारखं हे आहे. ओल असेपर्यंत ठीक दिसेल, रंग काही परत येणार नाही. इथे तर नुकसानही होतं. तेलकट तंतूंवर धूळ आणि कापसाची लव चिकटते, तिचा काळा लगदा होतो आणि घासणं वाढतं. पुढे रंग द्यायला जावं तर तो धरत नाही. सिलिकॉनचे चकचकीत स्प्रे याहून वाईट, कारण त्यांच्यावर नवा रंग नीट पसरत नाही, फाटून त्यात डोळ्यांसारखे गोल खळगे पडतात. आणि बूटपॉलिश! ते सीटवर थांबत नाही, पांढऱ्या सदऱ्यावर येतं. चामड्याच्या सीटवर बूटपॉलिश लावणाऱ्या माणसाच्या हातात मी गाडी धुवायलाही देणार नाही.

घासलेल्या सीटवर उपाय रंगाचाच. आधी पाण्यावर आधारलेला सौम्य क्लीनर आणि मऊ ब्रश. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं तेल, पॉलिश, घामाचा चिकटा पूर्ण काढायचा. ८०० ते १००० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवून लव बसवायची. तंतू फार सुटले असतील तर आधी बाइंडर, म्हणजे ते बांधून धरणारं द्रावण, भेगा असतील तर त्यात चामड्याचं फिलर, पातळ-पातळ थरांत. त्यानंतर सीटच्या छटेशी जुळवलेला, चामड्यासाठीचा पाण्याचा रंग. पहिला हात स्पंजनं टिपून, पुढचे फवाऱ्यानं, प्रत्येक हात पूर्ण वाळवून. छटा जुळवायला हेडरेस्टखालची किंवा सीटच्या बुडाची न मळलेली जागा घ्यावी, बसायची जागा नाही. शेवटी पारदर्शक संरक्षक थर, तोही मॅट. चमकणारी सीट नवी दिसत नाही, रंगवलेली दिसते. बाजारातला साधा लॅकरचा स्प्रे कोणी सुचवला तर सरळ नाही म्हणा. तो वाकत नाही, पापुद्रे सुटतात.

रंगानं सगळं सुटत नाही. उंचवट्याच्या आतला फोम चुरला असेल, तर वरचं चामडं ढिलं पडून तिथेच मोडत राहतं. आधी फोम भरायचा, मग रंग. चामडं आरपार फाटलं असेल तर तेवढा तुकडा बदलावा. आपल्याकडचे कुशनवाले शिवणकामात तरबेज आहेत. जुना तुकडा उसवून तोच माप म्हणून द्या. रंगकाम मात्र त्यांच्यावर टाकू नका, ती वेगळी कारागिरी आहे.

पुन्हा झिजू नये म्हणून मोठी खटपट लागत नाही. सीट मागे घ्या, दार पूर्ण उघडा, उंचवट्याच्या पलीकडे आधी बूड टेकवा आणि मग पाय आत घ्या. उतरताना अंग उचला, ओढू नका. पाकीट-किल्ल्या खिशातून बाहेर. आठवड्याला ओलसर मायक्रोफायबरनं तो एक उंचवटा पुसा आणि अधूनमधून त्याच्यावर चामड्याचं संरक्षक द्रावण लावा. सगळी सीट न्हाऊ घालण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी. काचेला सनशेड लावाच, पण तो पाठीसाठी आणि डॅशबोर्डसाठी. उंचवटा त्यानं वाचत नाही. टॉवेल टाकून ठेवण्याची सवय तर सोडाच, त्याच्याखाली धूळ अडकते आणि तीच घासते.

घट्ट कव्हर चढवायचा मोह अनेकांना होतो. बऱ्याच स्पोर्ट्स कारमध्ये बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीत, दाराच्या बाजूला असते आणि ती शिवण फाडून बाहेर येते. त्यावर कव्हर आवळलं तर एअरबॅग अडते. त्या शिवणीवर फिलर किंवा गोंद लावायचा नाही, आणि कुशनवाल्याला ती साध्या जाड दोऱ्यानं शिवूही द्यायची नाही. सीट काढायची वेळ आली तर बॅटरी सोडवून काही मिनिटं थांबा, मगच सीटखालचा वायरींचा प्लग काढा. आणि सीट परत जोडून होईपर्यंत चावी फिरवू नका.