बोटाची पुन्हा पुन्हा होणारी दुखापत (साइटहाउंड कुत्रे)

नजरेने सावज हेरून वेगाने त्याचा पाठलाग करणाऱ्या कुत्र्यांच्या जातींना साइटहाउंड म्हणतात. ग्रेहाउंड, सलुकी व व्हिपेट या परदेशी, तर कारवान (यालाच मुधोळही म्हणतात) व रामपूर या आपल्याकडच्या जाती. नाशिक जिल्ह्यात कारवान आणि त्याची मिश्र पिल्ले मळ्यांतून पाळली जातात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार सशाची शिकार बेकायदा आहे, पण कुत्र्याच्या पायांना कायदा कळत नाही. निफाडच्या मळ्यात असो वा सिडकोतल्या फ्लॅटमध्ये, मोकळी जागा दिसली की तो सुटतो. या सुटण्यात सर्वांत आधी दुखावते ते पंजाचे बोट. एकदा दुखावलेले बोट बऱ्याचदा पुन्हा दुखावते, कारण पहिली दुखापत पुरती भरून आलेली नसते किंवा तिचे मूळ आतच राहिलेले असते.

कुत्रा तळपायावर नव्हे, बोटांवर चालतो. प्रत्येक पंजाची चार बोटे जमिनीला टेकतात. त्या प्रत्येकात तीन पेरे असतात आणि शेवटच्या पेराला नख असते. भार मुख्यतः मधल्या दोन बोटांवर येतो, आणि अनेक साइटहाउंडांत हीच बोटे सशाच्या पंजासारखी लांब असतात. भरधाव धावताना हे कुत्रे एका ढांगेत दोनदा पूर्णपणे हवेत असतात. ग्रेहाउंड ताशी सुमारे 70 किमी वेग गाठतो. त्या वेगात वळताना सगळा भार क्षणभर एखाद्या बोटाच्या सांध्यावर येतो आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंचे अस्थिबंध (हाडाला हाड बांधून ठेवणारे चिवट पट्टे) ताणले जातात किंवा तुटतात. कातडी पातळ, अंगावर चरबी नाही, त्यामुळे इतर कुत्र्याला नुसते खरचटेल तिथे यांची कातडी फाटते.

नाशिकच्या जमिनीचाही यात वाटा आहे. काळी कसदार जमीन एप्रिल-मेमध्ये भेगाळते, आणि धावत्या कुत्र्याचे बोट अडकून पिरगळायला एक भेग पुरते. द्राक्षबागांत मांडवाच्या तारा व ठिबकच्या नळ्या, माळावर मुरूम आणि बेसॉल्टचे धारदार तुकडे, बांधावर बाभळीचे काटे नि सराटे. पावसाळा सरला की डोंगरउतारांवरचे गवत पिवळे पडते आणि कुसळे सुटतात. शहरातला धोका वेगळा. गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीवर नख झिजत नाही. वाढलेले नख आधी जमिनीला टेकते आणि तरफेसारखे बोट वर उचलते. नखाचा फरशीवर टकटक आवाज येऊ लागला की ते कापायला झाले असे समजावे.

लंगडणाऱ्या कुत्र्याचा पंजा पाहायचा तो उजेडात, कुत्र्याला आडवे निजवून आणि दुसऱ्या पायाच्या पंजाशी ताडून. कुत्रा कितीही गरीब असला तरी दुखरे बोट दाबताना चावू शकतो. म्हणून लांब तोंडाला बसेल असे जाळीचे मुसके घालावे. दोन बोटांमधला पडदा ताणून वरून आणि खालून बघावा. कुसळ शिरलेले असेल तर तिथे वाटाण्याएवढी लालसर गाठ दिसते, तिच्या टोकाला बारीक भोक असते, दाबल्यावर गुलाबी पाणी येते आणि सततच्या चाटण्याने भोवतालचे केस ओले, तांबूस झालेले असतात. कुसळाचे केस एकाच दिशेला वळलेले असतात. त्यामुळे ते पुढेच सरकत जाते, आपण होऊन मागे येत नाही. प्रतिजैविकाच्या गोळ्यांनी गाठ बसते, गोळ्या थांबल्या की दहा-पंधरा दिवसांत पुन्हा येते. अशी दोनदा आलेली गाठ गोळ्यांची राहत नाही. भूल देऊन ती उघडावी आणि काडी शोधून काढावी.

काटा मोडला की रुईचा चीक किंवा बिब्ब्याचा चटका देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. माणसाच्या टाचेच्या जाड कातडीला ते सोसत असेल, कुत्र्याच्या बोटांमधल्या कातडीला नाही. शिवाय तो ते चाटतो आणि तोंडही भाजून घेतो.

गाठ नाही, जखम नाही, तरी बोट सुजलेले, बाजूला झुकलेले किंवा नख वर उचललेले दिसत असेल तर सांधा निखळल्याची किंवा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तुटल्याची शंका घ्यावी. दोन वेगवेगळ्या दिशांनी एक्स-रे काढतात. बाजूने काढताना सगळी बोटे एकावर एक येऊन चित्र निरुपयोगी ठरते, म्हणून दुखऱ्या बोटाच्या नखाला चिकटपट्टी लावून ते पुढे ओढून धरतात. ही साधी गोष्ट राहून गेल्याने पेराची बारीक चीर हातची निसटू शकते. मग 'मुका मार आहे' म्हणून कुत्रा घरी जातो आणि महिन्याने तेच बोट घेऊन परत येतो.

उपचारातला सर्वांत कठीण भाग औषध नाही, विश्रांती आहे. लचकलेला कारवान चार-पाच दिवसांत नीट चालू लागतो, पण तोवर सूज उतरलेली असते एवढेच. अस्थिबंध सांधायला सहा आठवडे, हाड जुळायला सहा ते आठ आठवडे जातात. लंगडणे थांबल्यावर मालक त्याला मळ्यात सोडतो, आणि बोट दुसऱ्यांदा जाते ते बहुधा त्याच आठवड्यात. या काळात कुत्रा घराबाहेर फक्त साखळीवर, तोही शी-शूपुरता न्यावा. गच्ची, जिना, सोफ्यावरून उडी हे सगळे बंद. मळ्यात साखळी न पाहिलेल्या कुत्र्याला हे शिकवणे हा वेगळाच व्याप आहे.

पट्टी बांधताना प्रत्येक बोटाच्या फटीत कापूस घालतात, नाहीतर घामाने व ओलीने कातडी कुजते. दुखऱ्या बोटाला शेजारच्या बोटाचा आधार मिळेल अशी बांधणी करतात आणि मधल्या दोन बोटांची टोके उघडी ठेवतात. ती टोके रोज पाहावीत. फाकलेली, गार किंवा सुजलेली दिसली तर पट्टी घट्ट आहे. त्याच दिवशी ती सोडवावी. पावसाळ्यात बाहेर नेताना पट्टीवर प्लास्टिकची पिशवी चढवावी आणि घरात आल्याबरोबर काढावी. आत साचलेल्या वाफेने पट्टी पावसाइतकीच भिजते. चाटू नये म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखा कोन घालतात. साइटहाउंडची मान लांब असल्याने नेहमीचा कोन अपुरा पडतो, एक माप मोठा घ्यावा लागतो.

घरातली डोकेदुखीची किंवा अंगदुखीची गोळी कुत्र्याला देऊ नये. आयब्युप्रोफेन व डायक्लोफेनॅकमुळे पोटात व्रण होऊन रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलची माणसाच्या मापाची मात्रा यकृत बिघडवते. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे गिधाडे मेली, म्हणून भारतात 2006 मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. अंजनेरीच्या कड्यावर गिधाडांची घरटी असलेल्या जिल्ह्यात तरी हे सांगावे लागू नये. कुत्र्यांसाठी मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन वापरतात, तेही वजन पाहून पशुवैद्याने ठरवलेल्या मात्रेत.

प्रत्येक लंगडण्यामागे धावपळच असते असे नाही. ग्रेहाउंडांत बोटाच्या गादीवर कुरूप होते. कुत्रा डांबरी रस्त्यावर लंगडतो आणि गवतावर बरा चालतो, ही त्याची ओळख. कुरूप कोरून काढले तरी बरेचदा पुन्हा येते. अनेक पायांची नखे एकामागून एक गळू लागली तर तो मार नसून प्रतिकारशक्तीच्या बिघाडाचा आजार असू शकतो. वयस्क कुत्र्याचे एकच बोट महिनोन्‌महिने नखुर्डे झाल्यासारखे सुजलेले राहिले तर तुकडा काढून तपासावा, कारण नखाच्या मुळाशी कर्करोग होतो. नुसते नख मोडून रक्त येत असेल तर स्वच्छ फडक्याने पाच-दहा मिनिटे घट्ट दाबावे, तुरटी लावली तरी चालते. लोंबणारा तुकडा मात्र भूल देऊनच काढतात.

इतके करूनही सांधा ढिलाच राहिला तर शस्त्रक्रियेने अस्थिबंध शिवतात किंवा सांधा कायमचा जखडतात. अवघड रुग्णाला नाशिकहून मुंबईला परळच्या 1886 साली स्थापन झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे नेण्याचा पर्याय असतो. भूल देण्यापूर्वी जात सांगणे महत्त्वाचे आहे. ग्रेहाउंडचे यकृत थायोपेंटालसारखी भुलीची औषधे सावकाश निकामी करते, त्यामुळे तो तासन्‌तास शुद्धीवर येत नाही. त्यांच्यापैकी काहींना शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांनी जखमेतून नव्याने रक्त येऊ लागते. म्हणून पहिले तीन दिवस पट्टीवर लक्ष ठेवावे.

शेवटचा उपाय बोट काढणे. ऐकून मालकाच्या पोटात गोळा येतो, पण कडेचे बोट गेले तर पाळीव कुत्र्याला फारसे अडत नाही. मधले गेले तर शेजारच्या बोटांवर भार वाढतो, तरी रोजच्या चालण्या-पळण्यापुरता पाय उपयोगी राहतो. टाके 10 ते 14 दिवसांत निघतात. त्यानंतरही आधी साखळीवर दहा मिनिटे, मग वीस, असे वाढवत नेतात. पहिली मोकळी धाव मऊ, सपाट गवतावर असावी, भेगाळलेल्या रानात नव्हे.