खोल पाण्यातल्या जिगिंगसाठी ब्रेडेड दोरी घेताना

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

संभाजीनगर, जालना, नांदेड, लातूरकडची बरीच मंडळी आता गाडी करून मालवण, देवगड, रत्नागिरीला जिगिंगसाठी जातात, म्हणजे धातूचं जड नकली आमिष (जिग) खोल पाण्यात सोडून, रॉडने वरखाली हलवून मासा धरायला. काही जण अंदमानलाही जाऊन येतात. निघायच्या आधी दुकानात येऊन बहुतेक जण एकच मागणी करतात: "सगळ्यांत मजबूत दोरी द्या." ही मागणी ऐकली की आम्ही थोडा वेळ मागून घेतो. जिगिंगला सगळ्यांत मजबूत दोरी लागत नाही. पुरेशी मजबूत आणि जमेल तितकी बारीक दोरी लागते. समुद्र आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे आणि तिथे जेट्टीवर हवी ती दोरी मिळेलच असं नाही. म्हणून निवड इथेच, नीट समजून झालेली बरी.

तंगूस का नको

धरणावर आपण वापरतो तो तंगूस नायलॉनचा. तुटेपर्यंत तो वीस ते तीस टक्के लांबतो. रोहू, कटल्याच्या झटक्याला हीच लवचीकता उपयोगी पडते. पण 80 मीटर खोलीवर तो दहा टक्के जरी लांबला तरी 8 मीटरचा फरक पडतो. तुम्ही वर रॉड हातभर उचलता आणि खाली जिग जागची हलत नाही. माशाने तोंड लावलं तरी हाताला कळत नाही.

ब्रेडेड दोरी पॉलिएथिलीनच्या अतिशय बारीक, ताकदवान तंतूंची असते. बैलाचा कासरा विणतात तसे चार, आठ किंवा जास्त पेड एकमेकांत विणलेले असतात. ती तुटेपर्यंत जेमतेम तीन-चार टक्के लांबते. त्यामुळे तळाला जिग वाळूवर टेकली की खडकावर, हेसुद्धा सरावाच्या हाताला ओळखता येतं.

पाउंड नको, पीई नंबर बघा

डब्यावर पाउंडाचा आकडा मोठ्या अक्षरात छापतात. तो कोणी कसा मोजला यावर बराच फरक पडतो आणि दोन कंपन्यांचे 40 पाउंड एकसारखे निघतील याची खात्री नसते. भरवशाचा आकडा पीई नंबरचा. ही जपानी पद्धत दोरीच्या वजनावर बसवलेली आहे: पीई 1 म्हणजे 200 डेनिअर (9,000 मीटर दोरीचं वजन 200 ग्रॅम), पीई 2 म्हणजे 400. जाडीत सांगायचं तर पीई 1 साधारण 0.165 मिलिमीटर, पीई 2 साधारण 0.235, पीई 3 साधारण 0.285 आणि पीई 4 साधारण 0.33. नंबर चौपट झाला की जाडी दुप्पट होते, हे ध्यानात ठेवा. स्वस्त मालावर नंबर एक आणि जाडी भलतीच, असंही आढळतं. म्हणून शंका आली तर काउंटरवर मायक्रोमीटर मागा, तुमच्यासमोर मोजून देऊ.

जाडीवर आम्ही एवढा जोर का देतो, त्याचा हिशोब बघा. 80 मीटर पीई 3 दोरी पाण्यात सोडली की प्रवाहाला तिची 228 चौरस सेंटिमीटर बाजू मिळते. पीई 2 घेतली तर 188. तेवढ्याच खोलीला 0.7 मिलिमीटरचा तंगूस 560 वर जातो. दीडशे ग्रॅमच्या जिगची एक बाजू मात्र चाळीसच्या आसपास असते. म्हणजे पाणी जिगला जेवढं ढकलतं त्याच्या कितीतरी पट दोरीला ढकलतं. जाड दोरीला मधे पोट पडतं, जिग नावेखाली उभी न राहता लांब वाहत जाते. मग माणूस 200 ग्रॅमची जिग लावतो, 250 ची लावतो, तासाभरात खांदे भरून येतात आणि दोष रॉडला दिला जातो. दोरी एक नंबर बारीक केली तर त्याच रॉडवर हलकी जिग तळाला पोचते.

आमचा सल्ला असा. कोकण किनाऱ्यावर 30 ते 50 मीटर पाण्यात तांबोशी, गोबऱ्यासाठी पीई 1.5 ते 2. अंदमानात 80 ते 120 मीटरवर पीई 2 ते 3. मोठा कुपा किंवा खडकात घुसणारा जड मासा अपेक्षित असेल तरच पीई 4 च्या पुढे जा. हलक्या जिगच्या सावकाश पद्धतीला, म्हणजे स्लो पिचला, यातला खालचा नंबर घ्या.

पेडांबद्दल थोडक्यात: आठ पेडी घ्या. ती गोल असते आणि रॉडच्या कड्यांतून आवाज न करता सरकते. चार पेडी खरबरीत पण स्वस्त. धरणात पाणवनस्पतींतल्या मरळीसाठी ती चांगली, जिगिंगला मात्र आठच.

रंग आणि लांबी

जिगिंगला दर 10 मीटरला रंग बदलणारी दोरीच घ्यावी, असं आमचं ठाम मत आहे. तांडेल (नावेचा प्रमुख) मासे शोधायच्या यंत्रावर बघून सांगतो, मासा 35 मीटरवर आहे. एकाच रंगाच्या दोरीवर तुम्ही अंदाज बांधत बसता. रंगीत दोरीवर तीन रंग सोडले, चौथा निम्मा गेला की थांबलात. जुने तांडेल वावात बोलतात. एक वाव म्हणजे साधारण 1.8 मीटर, तेव्हा "वीस वाव" ऐकलं की 36 मीटर धरा.

लांबी खोलीच्या किमान तिप्पट असावी, कारण दोरी तिरकी जाते, मासा ओढून नेतो आणि कधी खडकात तुटते. कोकणासाठी 200 मीटर भागतं, अंदमानसाठी 300 च्या खाली जाऊ नका, 120 मीटर खोलीवर जाणार असाल तर 360 धरा. तुमच्या रिळावर किती मावेल याचा हिशोब सोपा आहे. रिळावर "पीई 3, 300 मीटर" लिहिलं असेल तर गुणाकार 900. पीई 2 घेतली तर 900 भागिले 2, म्हणजे 450 मीटर मावेल. उरलेली जागा खाली तंगूस गुंडाळून भरायची. तो तसाही लागतोच, कारण ब्रेडेड दोरी गुळगुळीत असते आणि नुसत्या रिळावर ताण आला की अख्खं भेंडोळं गोल फिरतं.

लीडर आणि गाठ

ब्रेडेड दोरी खडकाला घासली की लवकर जाते. म्हणून पुढे तीन ते पाच मीटर लीडर हवाच, म्हणजे दोरी आणि जिगच्या मधे जोडायचा फ्लुरोकार्बनचा (तंगुसासारख्याच दिसणाऱ्या, पण घासणीला टिकणाऱ्या दोरीचा) तुकडा. पीई 2 ला 30 ते 40 पाउंड, पीई 3 ला 50 ते 60. इथेही "मजबूत द्या" म्हणू नका. लीडर दोरीपेक्षा दणकट असेल तर जिग खडकात अडकल्यावर दोरी वरूनच तुटते आणि शंभर मीटर दोरी समुद्रात जाते. सुरमईचे दात लीडरही कापतात. तिच्यासाठी जिगच्या वर वीतभर स्टीलची वायर लावा.

दोरी-लीडरच्या जोडाला एफजी गाठ शिका. लीडर ताणून धरायचा आणि त्यावर दोरी एकदा वरून, एकदा खालून अशी अठरा-वीस वेळा आवळत न्यायची, मग अर्ध्या गाठींनी बंद करायची. ओली करून जोरात ओढली की गुंडाळलेल्या भागाचा रंग गडद होतो. रंग बदलला नाही तर गाठ बसलेली नाही, सोडून पुन्हा बांधा. ओली करण्याला कारण आहे: ही दोरी साधारण 145 अंश सेल्सिअसला वितळते, कोरडी गाठ झटक्यात आवळली तर घर्षणाने तिथेच कमजोर होते.

रिळाचा ड्रॅग, म्हणजे किती ताण आल्यावर रीळ दोरी सोडू लागेल ते, दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवा. 40 पाउंड म्हणजे 18 किलो, तेव्हा साडेचार ते सहा किलो. ताणकाट्यावर मोजून लावा. आणि अडकलेली दोरी कधीही हाताला गुंडाळून ओढू नका. बोट हाडापर्यंत कापतं. लाकडाच्या दांडक्याला गुंडाळा.

घरी आल्यावर

रीळ आणि दोरी गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, सावलीत वाळवा. बोअरचं जड पाणी नको, रिळात पांढरे क्षार धरतात. पुढची दोन-चार मीटर दोरी खरबरीत लागली तर कापून टाका. एका बाजूने झिजली की दोरी उलटी गुंडाळून दुसरं टोक पुढे घेता येतं, नवी घ्यायची घाई करू नका.

कापलेले तुकडे मात्र पाण्यात किंवा काठावर टाकू नका. ही दोरी कुजत नाही. जायकवाडी 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे आणि तिथल्या पाणपक्ष्यांच्या पायात असे तुकडे अडकले की पक्षी उडू शकत नाही. तुकडे खिशात घालून दुकानात आणून द्या, आम्ही गोळा करतो.

कोकण किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असते, त्यामुळे खरी गर्दी पावसाळ्यानंतर होते. दोरी आम्ही ओल्या फडक्यातून ताण देऊन भरतो, सैल भरली तर वरचे वेढे खालच्यात रुततात. याला वेळ लागतो. निघायच्या आदल्या संध्याकाळी न येता आठवडाभर आधी रीळ घेऊन या आणि कुठे, किती खोलीवर जाणार ते तांडेलाला विचारून या.