आठ अक्षरं, एक टिंब, तीन अक्षरं: मेमरी कार्डावरच्या फायलीची पार्श्वभूमी

आर्डुइनो उनो या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला मेमरी कार्डाचं मॉड्यूल जोडायचं आणि खोलीचं तापमान दर मिनिटाला फायलीत लिहायचं, हा अनेकांचा पहिला प्रयोग असतो. माझाही तोच होता. तारा बरोबर, कार्ड बरोबर, प्रोग्रामही बरोबर, पण फाइल काही तयार होईना. अख्खी संध्याकाळ गेल्यावर लक्षात आलं, की फायलीला 'टेम्परेचर' हे नाव इंग्रजीत दिलं होतं. त्यात अकरा अक्षरं आहेत. आर्डुइनोच्या मूळ एसडी लायब्ररीला, म्हणजे कार्डाशी बोलणाऱ्या तयार प्रोग्रामला, आठच चालतात; पुढे टिंब आणि फार तर तीन अक्षरं.

ही मर्यादा कार्डाची नाही आणि आर्डुइनोचीही नाही. ती या दोघांपेक्षा कितीतरी जुनी आहे. कार्डाशी झगडताना जे जे नियम विक्षिप्त वाटतात, त्या प्रत्येकामागे एक साल आणि एक सरळ कारण आहे.

सुरुवात १९७७ ची. मायक्रोसॉफ्ट तेव्हा अल्बुकर्कमधली छोटी कंपनी होती. एनसीआर कंपनीच्या टर्मिनलसाठी बेसिक भाषेची फ्लॉपीवर चालणारी आवृत्ती हवी होती आणि ते काम मार्क मॅकडोनल्ड यांच्याकडे होतं. फ्लॉपीवरचे फायलींचे तुकडे कुठे कुठे आहेत, हे लक्षात ठेवण्यासाठी त्यांनी एक तक्ता केला: फाइल अलोकेशन टेबल, म्हणजे फॅट. वर्तमानपत्रात पहिल्या पानावरची बातमी अर्धी राहते आणि खाली छापलेलं असतं, 'पान ५ वर'. पाचव्यावर गेलं की तिथे 'पान ९ वर'. फॅट अगदी तसंच चालतं. फ्लॉपीवरच्या फायलींच्या यादीत प्रत्येक फायलीच्या पहिल्या तुकड्याचा क्रमांक असतो. तक्त्यात त्या क्रमांकावर पुढच्या तुकड्याचा क्रमांक, आणि शेवटी 'समाप्त'ची खूण. यापेक्षा सोपी रचना सुचवणं कठीण आहे, आणि ती इतकी वर्षं टिकण्याचं कारण माझ्या मते हेच.

१९८० मध्ये सिअ‍ॅटलच्या टिम पॅटरसन यांनी ८०८६ प्रोसेसरसाठी आपली ऑपरेटिंग सिस्टिम लिहिताना हीच कल्पना घेतली आणि तक्त्यातला प्रत्येक क्रमांक १२ बिटांचा केला. ती सिस्टिम पुढे मायक्रोसॉफ्टने विकत घेतली आणि तिचीच डॉस झाली. फायलींच्या नावांची पद्धत मात्र पॅटरसन यांनी गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरून घेतली, कारण त्या काळचे प्रोग्राम सीपी/एमसाठी लिहिलेले होते आणि ते सहज इकडे आणता यावेत असा हेतू होता. नावाला आठ जागा, प्रकाराला तीन. यादीतली प्रत्येक नोंद ३२ बाइटांची, त्यातले ११ नावाचे. टिंब तर साठवतही नाहीत. ते फक्त आपल्याला दाखवण्यापुरतं.

सीपी/एमकडून आणखी एक गोष्ट आली, जी मला फार आवडते. फाइल पुसली की तिच्या नावाचा पहिला बाइट बदलून २२९ केला जातो, षोडशमान (सोळाच्या पायावरच्या) पद्धतीत ई५. हाच आकडा का? आठ इंची कोऱ्या फ्लॉपी फॉरमॅट होऊन येत, तेव्हा त्यांवर सगळीकडे ई५ भरलेलं असे. ई५ म्हणजेच 'रिकामी जागा' असं ठरवल्यावर कोरी फ्लॉपी आपोआप रिकाम्या यादीसारखी दिसू लागली. वेगळं काही करायलाच नको. पुढे जपानमध्ये अडचण झाली, कारण तिथल्या लिपीच्या सांकेतिकरणात एखाद्या कांजी अक्षराची सुरुवात खरोखरच ई५ ने होऊ शकते. मग अशा नावांसाठी ई५ च्या जागी ०५ लिहायचं ठरलं. आजही कार्डावर फायलींची यादी वाचणारा प्रोग्राम लिहिताना या दोन्ही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

आता कार्डाकडे. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी १९८४ मध्ये जगासमोर मांडली आणि १९८७ मध्ये तिचा नँड प्रकार. त्या मेमरीच्या जोरावर नव्वदच्या दशकात कार्डांची गर्दी झाली: कॉम्पॅक्टफ्लॅश, स्मार्टमीडिया, आणि १९९७ मध्ये सॅनडिस्क आणि सीमेन्सचं मल्टिमीडिया कार्ड. हे शेवटचं इथे महत्त्वाचं आहे. टपाल तिकिटाएवढं, फक्त सात पिनांचं. त्याला बोलण्याची एक स्वतःची रीत होती आणि दुसरी एसपीआय: मोटोरोलाची जुनी, साधी पद्धत. एक घड्याळाची तार, एक जाणाऱ्या डेटाची, एक येणाऱ्या डेटाची आणि एक 'तुझ्याशी बोलतोय' हे सांगणारी. जवळजवळ प्रत्येक स्वस्त मायक्रोकंट्रोलरमध्ये, म्हणजे उनोवर असते तशा एका चिपच्या छोट्या संगणकात, ती आयती असते.

१९९९ मध्ये सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा यांनी एसडी कार्ड जाहीर केलं. नावातलं 'सिक्युअर' आलं ते संगीताच्या नकला रोखण्याच्या सोयीमुळे. नव्या कार्डाचा संपूर्ण तपशील सभासद कंपन्यांपुरता होता. पण एसडीची रचना मल्टिमीडिया कार्डावर उभी होती आणि एसपीआयची वाट तशीच ठेवली गेली. कॅमेरे आणि फोन डेटासाठी चार तारा वापरणाऱ्या वेगवान रीतीने बोलत राहिले. शिकणारे, छंद म्हणून करणारे आणि छोटे कारखानदार या बाजूच्या दारातून आत आले. हे दार नसतं, तर आठ बिटांच्या साध्या चिपला कार्डाशी बोलणं फार अवघड गेलं असतं.

त्या दाराची खूण प्रत्येक लायब्ररीत सापडते. कार्ड सुरू होतं तेव्हा ते एसडीच्या रीतीत असतं, आणि त्या रीतीत प्रत्येक आज्ञेबरोबर पडताळणीचा आकडा लागतो. एसपीआयमध्ये गेल्यावर तो सहसा तपासला जात नाही. म्हणून पहिली, शून्य क्रमांकाची आज्ञा योग्य आकड्यानिशी द्यावी लागते. तो आकडा ठरलेला, षोडशमानात ९५, आणि तो हिशेब न करता सरळ लिहून टाकतात.

दार उघडलं तरी आत फॅट होतंच, आणि तिथे खरी अडचण जागेची होती. कार्डाशी व्यवहार ५१२ बाइटांच्या तुकड्यांत होतो. हा आकार आयबीएम पीसीच्या फ्लॉपीवरही होता. उनोवरच्या चिपकडे रॅम अवघी २०४८ बाइट. एक तुकडा हाताळायचा तर पाव रॅम गेली. हे कोडं काही माणसांनी स्वतःहून सोडवलं आणि सगळ्यांना फुकट दिलं. जपानमधल्या चॅन या नावाने लिहिणाऱ्या अभियंत्याने २००६ मध्ये फॅट हाताळणारी फॅटएफएस ही लायब्ररी दिली आणि २००९ मध्ये तिचंच छोटं रूप, पेटिट फॅटएफएस. पेटिटचं काम ४४ बाइटांवर आणि थोड्या स्टॅकवर (प्रोग्राम चालताना लागणाऱ्या तात्पुरत्या रॅमवर) भागतं. बदल्यात नवी फाइल तयार करता येत नाही आणि असलेली वाढवता येत नाही. बिल ग्रीमन यांनी आर्डुइनोसाठी एसडीफॅट ही लायब्ररी लिहिली, आणि तिच्याच आधारावरची एसडी लायब्ररी डिसेंबर २०१० मध्ये आर्डुइनो सॉफ्टवेअरच्या ००२२ या आवृत्तीबरोबर आली. तिने रॅम वाचवली ती ५१२ बाइटांचा एकच बफर, म्हणजे तात्पुरत्या साठवणीची जागा, ठेवून: फायलीतला मजकूर, यादी आणि तक्ता आळीपाळीने त्याच जागेत येतात. लांब नावांना त्यात जागा दिलेली नाही.

फाइल बंद न करता वीज काढली की ती शून्य बाइटांची का दिसते, तेही इथेच कळतं. फायलीची लांबी यादीतल्या त्या ३२ बाइटांच्या नोंदीत असते, आणि ती नोंद फाइल बंद केल्यावर किंवा फ्लश केल्यावरच (रॅममध्ये साठलेलं लगेच लिहायला सांगितल्यावरच) कार्डावर जाते. पाणीपातळी, हवामान, बॅटरी अशा नोंदी करणाऱ्यांनी प्रत्येक ओळीनंतर नाही, तरी ठरावीक ओळींनंतर फ्लश करावंच. महिन्याभराच्या नोंदी गेल्याचं दुःख मोठं असतं. घड्याळाची चिप न जोडता केलेल्या फायलींवर १ जानेवारी २००० ही तारीख दिसते, कारण लायब्ररीत तीच मुळातून दिलेली आहे. फॅटची स्वतःची कालगणना १९८० पासून सुरू होते.

जुनी दोन जीबीचीच कार्डं वापरा, हा सल्ला २००६ नंतरचा. आधीची कार्डं बाइटाचा क्रमांक मागत. त्या वर्षी आलेली एसडीएचसी कार्डं ५१२ बाइटांच्या तुकड्याचा क्रमांक मागू लागली आणि जुने प्रोग्राम चुकीच्या जागी जाऊ लागले. आजच्या लायब्ररी दोन्ही ओळखतात, तेव्हा तो सल्ला आता सोडायला हरकत नाही.

लांब नावांची सोय विंडोज ९५ बरोबर आली, पण तिच्यावर मायक्रोसॉफ्टचे पेटंट होते आणि २००९ मध्ये त्यावरून टॉमटॉम कंपनीशी खटलाही झाला. जुनी रचना मोडू नये म्हणून लांब नाव वेगळ्या ३२ बाइटांच्या नोंदींमध्ये, एकेका नोंदीत तेरा अक्षर-संकेत, असं ठेवलं जातं. हे संकेत युनिकोडचे असल्यामुळे देवनागरीलाही मज्जाव नाही. फॅटएफएसमध्ये ही सोय सुरू करून मी मोठ्या कंट्रोलरवर फायलीला 'तापमान' नाव दिलं. त, काना, प, म, काना, न: सहा संकेत, पुढे टिंब आणि टीएक्सटी मिळून चार, एकूण दहा. एका नोंदीत बसलं. कार्डाचे बाइट उघडून पाहिले, तर त्या नोंदीच्या लगेच पुढे दुसरी नोंद होती, त्याच फायलीची, आपोआप घडवलेल्या छोट्या नावाची: आठ जागा आणि तीन जागा.