उलट्या अर्थाची कामचोरी

आमच्या वडणग्याच्या रानात ऊसतोडीची टोळी लागली तेव्हा मी बराच वेळ बांधावर उभा होतो. प्रत्येक जोडीनं आपापली पात धरलेली. नवरा तोडतोय, बायको मोळ्या बांधतेय. पण सगळ्या पाती सारख्या नसतात. एका पातीत ऊस लोळला होता, तिथं कोयता अडत होता. शेजारच्या जोडीचं काम आधी उरकलं. दोघं पाणी प्याली आणि त्या अडलेल्या पातीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिकडून तोडत आली. मुकादम लांब ट्रॉलीजवळ होता, त्याला विचारायची गरजच पडली नाही.

मला चार्ल्स लायझरसन आठवले. अमेरिकेतल्या एमआयटीतले हे संगणकशास्त्रज्ञ. एक काम अनेक प्रोसेसरांनी, म्हणजे संगणकातल्या आकडेमोड करणाऱ्या भागांनी, मिळून कसं करायचं, यावर त्यांनी मूलभूत काम केलंय. आज खिशातल्या फोनमध्येही आठ-आठ कोअर, म्हणजे छोटे प्रोसेसरच, असतात. पण कोअर वाढवले म्हणून काम आपोआप वाटलं जात नाही. कुणाच्या वाट्याला लोळलेला ऊस येईल, हे आधी कळत नाही.

सोपा उपाय म्हणजे एक मुकादम नेमायचा. प्रत्येक प्रोसेसरनं त्याच्याकडून काम मागून घ्यायचं. मग हजार प्रोसेसर झाले की मुकादमापुढंच रांग लागते. दुसरा उपाय त्या जोडीनं केला तो. प्रत्येक प्रोसेसरकडं कामांची स्वतःची रांग असते. तो एका टोकाचं काम उचलतो, नवीन निघालेलं कामही त्याच टोकाला ठेवतो. रांग रिकामी झाली की तो दुसरा कुठलाही प्रोसेसर चिठ्ठी टाकल्यासारखा निवडतो आणि त्याच्या रांगेच्या विरुद्ध टोकाचं काम उचलतो. तिथं सगळ्यात जुनं, बहुधा सगळ्यात मोठं काम पडलेलं असतं, त्यामुळं पुन्हा पुन्हा मागायला यावं लागत नाही. शोधाशोध रिकाम्यानं करायची, कामात असलेल्याला शक्यतो अडवायचं नाही. याला इंग्रजीत ‘वर्क स्टीलिंग’ म्हणतात. शब्दशः मराठी केलं तर ‘कामचोरी’ होईल, आणि अर्थ नेमका उलटा!

कल्पना लायझरसन यांच्या आधीची. पण ती किती चांगली आहे, हे 1994 मध्ये लायझरसन आणि त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट ब्लुमोफ यांनी गणितानं सिद्ध केलं. माझ्या मते लायझरसन यांचं सगळ्यात देखणं काम हेच. त्यासाठी दोन मापं लागतात. एक, एकट्यानं केलं तर सगळ्या कामाला लागणारा वेळ. दुसरं, एकामागून एकच करावी लागणारी सगळ्यात लांब साखळी. गुऱ्हाळावर हे लगेच कळतं. ऊस आणायला, चिपाडं वाळत घालायला माणसं वाढवा, ती कामं झपाट्यानं होतील. पण काहिलीतला रस आटायला लागणारा वेळ लागतोच. तिथं दहा गुळवे उभे केले तरी गूळ लवकर होत नाही.

समजा एकूण काम 16 तासांचं आणि साखळी 2 तासांची. मग कितीही हात लावा, 2 तासांच्या आत काम होणार नाही. म्हणजे वेग आठपटीच्या वर जाणार नाही. या दोघांनी दाखवलं ते असं, की वर्क स्टीलिंगनं सरासरी लागणारा वेळ म्हणजे एकूण काम भागिले प्रोसेसर, अधिक साखळीच्या लांबीची ठरावीक पट. याहून फार चांगली वाटणी कुणालाच करता येत नाही. लायझरसन यांच्या गटानं बनवलेल्या ‘सिल्क’ या प्रोग्रॅमिंग भाषेत हीच पद्धत होती. 2011 मध्ये ही पद्धत जावा या दुसऱ्या भाषेच्या सातव्या आवृत्तीत आली. जावा शिकणाऱ्या कोल्हापुरातल्या मुलामुलींच्या लॅपटॉपवर ती आज आहेच.

काम वाटलं तरी प्रोसेसरांना एकमेकांशी बोलावं लागतं. त्याचा विचार लायझरसन यांनी 1985 सालीच केला होता. प्रोसेसर झाडाच्या पानांसारखे जोडले आणि सगळ्या फांद्या, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या माहितीच्या वाटा, सारख्याच जाडीच्या ठेवल्या, तर खोडाजवळ कोंडी होते. प्रयाग चिखलीला जाऊन बघा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी पोटात घेऊन पंचगंगा पुढं निघते. तिचं पात्र एकट्या तुळशीएवढं असतं तर दर पावसाळ्यात काय झालं असतं, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. म्हणून लायझरसन म्हणाले, खोडाकडं जाताना फांद्या जाड करत न्या. नदी एकाच दिशेनं वाहते, इथं माहिती दोन्हीकडं जाते, एवढाच फरक. या रचनेचं नाव ‘फॅट ट्री’. थिंकिंग मशीन्स कंपनीचा सीएम-5 हा महासंगणक याच रचनेचा. जून 1993 मध्ये जगातल्या 500 वेगवान संगणकांची पहिली यादी निघाली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर 1024 प्रोसेसरांचा सीएम-5 होता.

खूप जाड फांदी बनवायची तर यंत्रं महाग पडतात. त्यावर 2008 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी डेटा सेंटरसाठी, म्हणजे हजारो संगणक एकत्र ठेवलेल्या जागांसाठी, वाट दाखवली. एक जाड खोड करण्याऐवजी साधे, स्वस्त स्विच, म्हणजे माहिती पुढं पाठवणारी यंत्रं, शेजारीशेजारी लावायचे, आणि वर जायला एकाच वेळी अनेक वाटा ठेवायच्या. एखादा स्विच बंद पडला तर माहिती शेजारच्यातून जाते.